हाती लागतं तेवढंच पेट्रोल

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, सप्टेंबरात मोटारसायकलने मनालीहून लेहला निघतोय. टाकी 13 लिटरची, ॲव्हरेज 35 चं. म्हणजे 455 किलोमीटर. वाटेत पंप नसला तरी काळजी नाही." तुझा गुणाकार बरोबर आहे. पण त्यातला पहिला आकडाच मला पटला नाही आणि म्हणून हे पत्र लिहायला बसलो. टाकी 13 लिटरची असते, पण ते 13 लिटर आपल्या हाती लागत नाहीत. किती लागतात, हे ज्याला ठाऊक तो घरी पोचतो. ज्याला ठाऊक नाही तो गाडी ढकलतो.

तुला माहीत आहे, मी 31 वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली आणि त्यातली बरीचशी पाटण तालुक्यात. गाडीच्या मागे द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला, त्यात उणे 196 अंशांना गोठवलेल्या रेतमात्रा. माजावर आलेली गाय रात्र बघत नाही, पाऊस बघत नाही. निरोप आला की निघायचं. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्या डोंगराच्या अंगाखांद्यावर आणि पंप बघायचा तर खाली मोठ्या रस्त्याला. पेट्रोल संपलं तर एका शेतकऱ्याचे 21 दिवस वाया जायचे, कारण गाय पुन्हा माजावर यायला तेवढे दिवस लागतात. म्हणून पेट्रोलचा हिशोब आमच्यासाठी पैशांपुरता नव्हता. तो मला शिकवला खात्यातल्या जुन्या ड्रायव्हरने. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांचे चार शब्द आणि माझा 31 वर्षांचा अनुभव तुझ्या हवाली करतो.

टाकीचं पोट बघून घे

बाहेरून टाकी एक दिसते, पण खालून ती घोड्यावरच्या खोगिरासारखी असते. मधून फ्रेमची नळी जाते, तिच्यावर टाकी बसते. त्यामुळे तळाशी दोन कप्पे होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये उंचवटा. टाकी भरलेली असेपर्यंत हा उंचवटा बुडालेला असतो आणि सगळं पेट्रोल एकच असतं. पातळी उंचवट्याच्या खाली गेली की दोन डबकी होतात. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक एकाच बाजूला, बहुतेक वेळा डावीकडे. त्या बाजूचं डबकं इंजिनाला मिळतं, दुसऱ्या बाजूचं तिथेच बसून राहतं.

आता कॉकचं बघ. त्याच्या आत वर जाणारी एक नळी असते. नॉब 'ऑन'वर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. पातळी तोंडाच्या खाली गेली की गाडी आचके देते. नॉब 'रिझर्व्ह'वर फिरवला की तळाजवळचं भोक उघडतं आणि उरलेलं पेट्रोल उतरायला लागतं. रिझर्व्हची वेगळी टाकी कुठेही नसते. त्याच टाकीचा तो तळ असतो. एवढं चित्र डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

कुंभार्ली घाटातली रात्र

1987 सालची गोष्ट. खात्याची राजदूत होती, 175 सीसीची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. चिपळुणातलं काम आटपून मी आणि तात्या रात्री परत निघालो. जुलै महिना, कुंभार्ली घाटात धुकं एवढं की दिव्याचा उजेड हातभर पुढे जाईना. माथा दोन-अडीच किलोमीटर राहिला असेल आणि गाडी आचके द्यायला लागली. मी सवयीने नॉबकडे हात नेला. नॉब आधीच रिझर्व्हवर होता. चार दिवसांपूर्वी रिझर्व्ह लागलं तेव्हा मी तो फिरवला होता, मग पेट्रोल भरलं आणि नॉब परत 'ऑन'ला करायचा विसरलो होतो. गाडीने द्यायची ती सूचना मी आधीच खर्चून बसलो होतो.

तात्या काही बोलले नाहीत. खाली उतरले, इंजिन निवू दिलं. मग हँडल आणि सीट धरून कॉकच्या बाजूला गाडी कलती केली, पार आडवी नाही, अर्ध्यावर. मला म्हणाले, "कान लाव." टाकीला कान लावला तर आतून डुबुक डुबुक आवाज आला. पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल उंचवटा ओलांडून अलीकडे येत होतं. दहापर्यंत आकडे मोजून त्यांनी गाडी हळूच उभी केली. चौथ्या किकला चालू झाली. तेवढ्या पेट्रोलवर आम्ही माथा ओलांडून हेळवाकला पोचलो. ओळखीच्या दुकानदाराला उठवलं, त्याच्या स्कूटरमधून लिटरभर पेट्रोल घेतलं आणि मार्गी लागलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पहिला कानमंत्र दिला: "पंपावर पैसे देण्याआधी नॉब ऑनला." पैसे दिल्यानंतर नाही, आधी. पैसे दिले की माणूस निघायच्या घाईत असतो आणि विसरतो. तेव्हापासून मी पाकिटाला हात घालायच्या आधी नॉबला हात घालतो. त्यानंतर अशी वेळ पुन्हा आली नाही.

गाडी कलती करायची युक्ती तुझ्या मित्रांच्या जुन्या गाड्यांना आजही लागू आहे, पण सांभाळून करा. इंजिन निवलेलं हवं, आसपास बिडी-सिगारेट नको, झाकण घट्ट हवं. फार आडवी केली तर झाकणातून पेट्रोल गळतं आणि पाण्याच्या बॅटरीतून ॲसिड सांडतं. या युक्तीवर प्रवास आखायचा नाही. ती फक्त पंपापर्यंत पोचवते.

टाकी एकदा स्वतः मोज

कंपनीच्या पुस्तकात टाकीची क्षमता दिलेली असते. ती वाच, पण आपल्या गाडीची टाकी आपण एकदा मोजून घ्यावी. पुढे मी स्वतःची 100 सीसीची गाडी घेतली, तेव्हा तात्यांनी मला अंगणात बसवून हे करायला लावलं. मोकळी जागा, सकाळची वेळ, इंजिन गार, देवघरातला दिवासुद्धा लांब. कार्बोरेटरला जाणारा पाइप काढला आणि त्याखाली पत्र्याचा डबा धरला. नॉब ऑनवर ठेवून पेट्रोल उतरू दिलं. धार थांबली, तेव्हा वरचा हिस्सा संपला. मग नॉब रिझर्व्हवर फिरवला, दुसरा डबा धरला. ती धारही थांबली. लिटरच्या मापाने मोजलं तर दुसऱ्या डब्यात सव्वा लिटरच्या थोडं वर निघालं. त्यानंतर गाडी कॉकच्या बाजूला कलती केली, तेव्हा आणखी पाव लिटर आलं.

तो पाव लिटर मी कधी हिशोबात धरला नाही. सव्वा लिटरही पूर्ण धरला नाही. माझी गाडी 60 चं ॲव्हरेज द्यायची. म्हणजे रिझर्व्हवर 75 किलोमीटर निघाले असते, पण मी 50 धरायचो. घाट चढताना, चिखलातून जाताना, मागे माणूस बसलेला असताना ॲव्हरेज उतरतंच. त्या कात्रीसाठी हे 25 किलोमीटर बाजूला ठेवायचे.

ॲव्हरेज मोजायची रीतही नीट घे. एक लिटर टाकून किती गेली हे बघणं फसवं असतं, कारण पावशेराची चूकसुद्धा मोठा फरक पाडते. टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भर, किलोमीटरचा आकडा लिहून ठेव, निदान 200 किलोमीटर चालव, मग त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून त्याच खुणेपर्यंत पुन्हा भर. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भाग. तीनदा असं केलंस की जो आकडा येईल तो तुझ्या गाडीचा आणि तुझ्या हाताचा. आकडा दुसऱ्या कोणाच्या हाताखाली वेगळा येतो.

भरताना गाडी सरळ उभी

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते. टाकीतलं पेट्रोल डावीकडे गोळा होतं, तोंडाशी पातळी लवकर दिसते आणि उजव्या खांद्यात हवा अडकते. भरणारा म्हणतो "फुल्ल झाली", आपण निघतो. पण पाव-अर्धा लिटर जागा रिकामीच असते. म्हणून गाडी डबल स्टँडवर घे. डबल स्टँड नसेल तर खाली उतर आणि दोन्ही हातांनी गाडी सरळ धर. भरताना नळी मध्येच एकदा थांबवायला सांग. फेस खाली बसू दे, मग उरलेलं भर.

पण गळ्यापर्यंत भरू नकोस. टाकीच्या तोंडाच्या आत एक पत्र्याची कडा असते, तिच्या खालपर्यंत भरलं की पुरे. पेट्रोल उन्हाने फुगतं. 20 अंशांनी तापमान वाढलं की 10 लिटरचं साधारण 200 मिलिलिटर जास्त होतं. गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली तर ते बाहेर येणार, तापलेल्या इंजिनावर पडणार. बीएस-6 गाड्यांत टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो. त्यात पातळ पेट्रोल गेलं की तो निकामी होतो.

पंपावर मशीनचा आकडा शून्यावर आहे ना, हे बघून घे. शंका आली तर तिथे 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. मापून दाखवा म्हणायचा आपला हक्क आहे. फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते: पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायचा. हे सगळं शांतपणे, मान ठेवून मागावं. नीट चालणाऱ्या पंपावरचे लोक आनंदाने दाखवतात.

झाकणाचं भोक

हा कानमंत्र छोटा आहे, पण याने मला तीन वेळा वाचवलं. टाकीतून पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती झाकणातल्या बारीक भोकातून येते. धूळ, पॉलिश, गाडी धुतानाचा साबण यांनी ते भोक बुजतं. मग टाकीत पोकळी तयार होते आणि अर्धी टाकी भरलेली असतानाही पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी पाच-सात किलोमीटर छान चालते, मग दम सोडते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. फिटर कार्बोरेटर खोलतो, प्लग बदलतो, रोग मात्र झाकणात असतो.

अशी गाडी बंद पडली तर आधी झाकण उघड. "फुस्स" असा आवाज करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर रोग सापडला. भोकात बारीक तार फिरव, फुंकर मार, झालं.

याच्याच शेजारी दुसरं भोक असतं, झाकणाभोवती साचलेलं पावसाचं पाणी खाली सोडणारं. ते बुजलं तर पाणी टाकीत झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणजे नेमकं रिझर्व्हच्या तोंडाशी. वरच्या पेट्रोलवर गाडी मजेत चालते आणि रिझर्व्ह लावलं की बंद पडते. पाऊस सुरू व्हायच्या आधी हे भोक साफ करणं हे माझं मिरगाचं काम असायचं, छपराची कौलं चाळतात तसं.

गाडी आपलं पेट्रोल कुठे सांडते

टाकीतलं पेट्रोल रस्त्यावर जायच्या आधी कुठे कुठे खर्च होतं, ते बघ.

जुनी गाडी असेल तर रात्री कॉक बंद. कार्बोरेटरमधली सुई झिजली असेल तर रात्रभर थेंब थेंब पेट्रोल जातं. सकाळी पेट्रोलचा वास आला तर समज की गळती आहे. चोक ओढून गाडी चालू केलीस तर मिनिटभराने तो परत ढकल. ओढलेल्या चोकवर फिरणारी गाडी पेट्रोल पितेच आणि प्लगही काळा करते.

हवा आठवड्यातून एकदा, टायर गार असताना. किती भरायची ते चेनकव्हरजवळच्या किंवा मागच्या फाट्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत एकट्याला पुढे 25 आणि मागे 28. मागे माणूस किंवा सामान असलं की मागची वाढवायची. पोट सुटलेलं टायर रस्त्याला चिकटून ओढतं.

चेन डबल स्टँडवर, खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली कर. बोटाच्या एका पेराएवढी, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त ताणलेली चेन ताकद खाते, सैल चेन झटके देते.

ब्रेकची परीक्षा हाताने होते. पाच किलोमीटर ब्रेक न मारता चालव, थांब आणि ड्रमजवळ हात ने. गरम लागला तर ब्रेक घासतोय. डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून बघ, मोकळं फिरलं पाहिजे. आमच्या गाडीचा मागचा ब्रेक असाच महिनाभर घासत होता. रॉडचा नट दोन आटे सैल केला आणि ॲव्हरेज जागेवर आलं.

प्लग काढून बघ. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर जळण नीट आहे. काजळीने काळंकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. खडीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा लवकर बघावा लागतो.

मूठ

तात्या म्हणायचे, "टाकीचा खरा कॉक उजव्या मुठीत आहे." डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई पाणवठ्यावरून येते. ती हळू चालत नाही, पण तिच्या चालीत झटका नसतो. गाडी तशी चालवायची. पुढे वळण दिसतंय, एसटी थांबलेली दिसतेय, तर मूठ आधीच सोड. जेवढा ब्रेक जोरात लावावा लागतो, तेवढं आधी जाळलेलं पेट्रोल फुकट गेलं असं समज.

साध्या गाडीला 40 ते 50 चा वेग सगळ्यात मानवतो. त्याचं कारण वारा. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. 40 ला जो वारा अंगाला हात लावून जातो, तोच 80 ला छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. सामान बांधशील ते आपल्या पाठीच्या आड बांध. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या वारा अडवतात.

वरच्या गिअरमध्ये जायची घाई करू नकोस आणि आळसही नको. चढावर इंजिन धडधडत असताना वरचा गिअर धरून ठेवणं हा पेट्रोलवर आणि इंजिनावर दोन्हीवर अन्याय. क्लचवर बोटं विसावलेली नकोत. अर्धवट दाबलेला क्लच घासतो आणि ताकद चाकापर्यंत पोचत नाही. सिग्नलला किंवा फाटकाला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर गाडी बंद.

घाट उतरताना न्यूट्रल करून गाडी सोडू नकोस. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी होती: त्यांत ऑइल पेट्रोलबरोबर येतं. गिअरमध्ये मूठ बंद ठेवून लांब उतार उतरलं तर इंजिन कोरडं पडून धरायचं. तुझ्या इंजेक्शनच्या गाडीत ती भीती नाही, उलट गिअरमध्ये ठेवून मूठ सोडली की पेट्रोल जवळपास पूर्ण तोडलं जातं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं जास्त काटकसरीचं आणि ब्रेकही थंड राहतात.

इंजेक्शनच्या गाडीला रिझर्व्ह नाही

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या मोटारसायकली जवळजवळ सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. तुझ्या गाडीला नॉब नाही, पिवळा दिवा आहे. पेट्रोल पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी कोरडी होईपर्यंत चालवलीस तर पंप हवा ओढतो, तापतो, आणि तो बदलायचा खर्च पुष्कळ येतो. म्हणून दिवा लागला की पुढच्या पंपावर भरायचं, एवढाच नियम.

चढावर किंवा उतारावर दिवा लुकलुकतो, कारण पेट्रोल एका बाजूला सरकतं. सपाटीवर कायम राहिला तर खरा धर. मीटरवर "इतके किलोमीटर उरले" असं दिसत असेल तर तो आकडा मागच्या चालवण्यावरून काढलेला असतो. पुढे घाट आहे हे त्याला कळत नाही, ते तुला कळलं पाहिजे. आणि कधी टाकी रिकामी झालीच, तर पेट्रोल टाकल्यावर लगेच बटण दाबू नकोस. चावी ऑन कर, पंपाचा "गुंईं" आवाज थांबू दे, चावी बंद कर. असं तीन-चारदा केलं की पेट्रोल वर चढतं.

ऐकीव उपाय सोड

पहाटे भरलं तर जास्त पेट्रोल मिळतं म्हणतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभर फारसं बदलत नाही. डांबराच्या गोळ्या टाकल्या की ॲव्हरेज वाढतं म्हणतात. त्या विरघळून जळताना काजळी धरतात. रेशनचं रॉकेल मिसळणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांची इंजिनं धूर ओकताना आणि खटखट वाजतानाही पाहिली. टाकीला लावायचं चुंबक, पाइपला बांधायची पट्टी, यांवर पैसे घालवू नकोस. तेवढ्या पैशांत चेनचं ऑइल आणि नवा फिल्टर येतो.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. ज्या दुचाकी मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून 10 टक्के मिश्रणासाठी जुळवल्या होत्या, त्यांचं 3 ते 4 टक्के उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दिला आहे. हिशोबात तेवढी तूट धर. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिना-महिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नकोस.

आता तुझा लेहचा हिशोब

मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. पण त्यावरच्या टांडीच्या पंपाजवळची पाटी फोटोंतून सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांना पाठ आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. वाटेत नवा पंप झाला असेल तर चांगलंच. तू हिशोब पाटीवरच्या आकड्याने कर.

टाकी 13 लिटर. त्यातला शेवटचा दीड लिटर नाहीच असं समज, पंपाच्या जिवासाठी. राहिले साडेअकरा. ॲव्हरेज 35 इथलं, पुणे-साताऱ्याच्या रस्त्यावरचं. तिथे सामान आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरचे चढ आहेत, वाहत्या पाण्याचे नाले आहेत, सकाळी थंडीत इंजिन गरम करणं आहे. 28 धर. साडेअकरा गुणिले 28 म्हणजे 322 किलोमीटर. पाटी म्हणते 365. तुला 43 किलोमीटर कमी पडतात आणि तुझ्या हिशोबात 90 उरत होते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवर येणाऱ्या तुझ्या मित्राला आणखी जपायला सांग. वाटेतली बारालाचा खिंड 4,800 मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. कार्बोरेटर पेट्रोल देतो नेहमीएवढं आणि हवा मिळते कमी. गाडी काळा धूर टाकते, ताकद जाते, ॲव्हरेज पडतं. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करते, त्याच्या गाडीला ती सोय नाही.

म्हणून प्रत्येकाने 5 लिटरचा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा कॅन बांधा. प्लास्टिकची बाटली नको. घर्षणाने प्लास्टिकवर वीज साठते, ठिणगी पडू शकते. कॅन काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका. आणि कॅनमधलं पेट्रोल दिवा लागायची वाट न बघता टाका. टाकीत चार-पाच लिटरची जागा झाली की सपाट जागा बघून, दिवसाउजेडी, इंजिन निवल्यावर ओता. अंधारात, वाऱ्यात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ओतायची वेळ येऊ देऊ नका. जितकं लवकर ते टाकीत जाईल, तितकं गाडीचं वजनही खाली येईल.

तात्या टाकीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचे आणि त्यावर पेन्सिलीने भरल्याच्या वेळचा किलोमीटरचा आकडा लिहायचे. त्याखाली दुसरा आकडा: कितीवर परत फिरायचं किंवा भरायचं. काटा बिघडला, दिवा गेला, तरी तो तुकडा खोटं बोलत नसे. तूही लाव. टांडीला भरशील तेव्हा पहिला आकडा लिही आणि त्यात 160 मिळवून दुसरा लिही. त्या आकड्याला थांबायचं आणि कॅन ओतायचा.

निघायच्या आधी एका रविवारी सामान बांधून, मागे मित्राला बसवून कुंभार्ली घाट चढून-उतरून ये आणि ॲव्हरेज काढ. जो आकडा येईल तो मला फोनवर सांग, 28 च्या जागी तो घालून आपण पुन्हा गुणाकार करू. आणि लेहच्या बाजूला पहिल्या पंपावर टाकी भरलीस की किती लिटर बसलं ते कळव. त्या एका आकड्यावरून तू कसा गेलास हे मला इथे बसून समजेल.

तुझा,
मामा